ओव्हरसाइज

बोरामणीच्या अलीकडे, दुपारी दीडला,
राजदूत एकदाच किंचाळली
आणि मागचं चाक डांबरावर काळी रेघ ओढत गेलं
वीस-पंचवीस फूट.
मग इतकं शांत, की तापल्या सायलेन्सरचं
टिक् टिक् आकसणं ऐकू यावं.
पेट्रोल भरलं होतं. ऑइल घातलं नव्हतं.
रागात माणूस झाकण लावतो, माप घेत नाही.

कांद्याच्या टेम्पोत घालून आणली, विडी घरकुलात.
कुठं निघाला होतास, असं कुणीच विचारलं नाही.
अंबिकानं तांब्या ठेवला,
अम्मानं पानांचं सूप मांडीवर जरा आत ओढलं
आणि इंजिनाला ओट्यावर जागा झाली.

हेड निघालं. सिलिंडर निघेना.
लाकडी ठोकळा, हातोडी, रॉकेल, शिवी,
पुन्हा रॉकेल.
तिसऱ्या रात्री सुटला तेव्हा
पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे,
मांजर कोंडलेल्या दाराला असतात तसे.
रिंग खाचेतच चिकटलेली,
धरायला नखभर टोक नाही.

चादर पसरली, मोरांची,
आमच्याच मागावरची, जकाट चुकलं म्हणून घरी राहिलेली:
एका मोराला डोळाच नाही.
तिथं मेन जेट ठेवला.
पिसाऱ्यावर क्लचच्या प्लेटा, चोचीत गजन पिन,
किनारीला बोल्ट, लांबीप्रमाणे.
कागदावर काहीच उतरवलं नाही.
वाटलं, चादर लक्षात ठेवील.

पाणी पाचव्या दिवशी येतं, रात्री दोनला.
घागरी, पिंप, नळी, धावपळ.
वाट करायला अम्मानं चादर चारी कोपऱ्यांनी उचलली
आणि गाठोडं बांधून भिंतीला लावली.

सकाळी मी काही बोललो नाही.
बोललो असतो, तर बोरामणीपर्यंत जे गिळत गेलो होतो
तेही बाहेर पडलं असतं.

राजेशम आला. चाळीस वर्षं जॉबर,
आता कारखान्याला कुलूप, गुडघ्याला पट्टा.
"काय करूलालास बे? रडूलालास?"
गाठोड्याकडं बघितलंच नाही त्यानं.
केसिंगमध्ये बोट घालून फिरवत राहिला,
डोळे वर, पत्र्याकडं.
"तुटका धागा हुडकत बसायचं नसतंय.
फणीत कुठली फट रिकामी हाय ते बघ.
धागा मग आपणच नाव सांगतोय."

तर रिकाम्या जागांपासून सुरुवात केली.
हे भोक खोल, म्हणजे लांब बोल्ट.
ही कडा झिजलेली, म्हणजे इथं वॉशर होता.
दोन दिवस आम्ही नसलेल्या वस्तूच वाचत होतो.

नदाफच्या लेथवर सिलिंडर पन्नासनं वाढला.
पन्नास म्हणजे अर्धा मिलिमीटर,
तेवढं आतून खरवडलं तेव्हा जखम संपली.
"जुना पिस्टन आता यात खुळखुळणार," नदाफ म्हणाला,
"भोक मोठं झालं, की आत बसणाऱ्यालाही
मोठं व्हायला लागतंय."
त्याचा हिशोब साडेआठशेचा होता, बाकी काही नव्हतं त्याच्या मनात.

नवी सर्कलिप बसवताना चिमट्यातून उडाली.
ओटा झाडला, गटार चाळलं, दुसरी आणली.
आठवड्यानं अम्माच्या तंबाखूत सापडली;
कारखान्यातल्या चेकरच्या हातात जाता जाता राहिली म्हणे.
आता ती खिळ्याला लटकते, तिच्यात विडीच्या दोऱ्याचं टोक.

अठराव्या किकला खोकली. एकोणिसाव्याला काही नाही.
विसाव्याला गल्लीभर निळा धूर,
समोरच्या बाईनं वाळत घातलेलं शिव्यांसकट आत नेलं.
राजेशम कानावर हात ठेवून ऐकत होता,
सवयीनं.

पाचशे किलोमीटर होईतो चाळीसच्या वर जायचं नाही.
कन्ना चौकापर्यंत जातो, येतो.
सायकली पुढं जातात, हैदराबाद रोडचे फाटे
उजवी-डावीला दिसतात, जातात.

"कधी येणार?" असं पूर्वी विचारायची अंबिका.
आता आतून, भाकरी थापता थापता:
"ऑइल घातलं?"

घातलेलं असतं.
तरी मी झाकण उघडतो, वास घेतो,
आणि मग हो म्हणतो.